सातवं पान

४ फेब्रुवारी

बारके,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू "कसा आहेस" विचारतेस, मी "बरा आहे" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. पत्रात खोटं बोलायचं तर निदान हात तरी दुखतो.

काल तो लांबट लिफाफा परत आला. फेरतपासणी. सहा वर्षांतली ही चौथी. मी लिफ्टच्या डोक्यावरून दोन मजले खाली पडलो, पाठीचा कणा मोडला, आत दोन सळया घातल्या. डावा पाय कमरेपासून मेला, उजवा अर्धा जिवंत आहे. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, आता आहे ते असंच राहणार. हे मी पहिल्या वर्षी लिहून दिलं, तिसऱ्या वर्षी दिलं, गेल्या वर्षी दिलं. दर वेळी अपंगत्वाचा भत्ता चालू ठेवतात आणि खाली लिहितात, "तूर्तास". त्या शब्दाची मला आता धास्तीच बसली आहे.

फॉर्म अठ्ठावीस पानांचा. मी आणि तुझी वहिनी दोन रविवार बसतो. "मागील तपासणीनंतर झालेली सुधारणा" लिहायला पाच ओळी सोडल्या आहेत. बिघाड झाला असेल तर तो कुठे लिहायचा ते सापडलं नाही. आंघोळ कशी करता, संडासला कसे बसता, किती वेळा कपडे खराब होतात, सगळं परत लिहायचं. वहिनी लिहिते, मी सांगतो, आणि दोघंही एकमेकांकडे बघत नाही. चार दिवस सकाळी मदतनीस बाई येतात, आंघोळ घालून कपडे चढवून जातात. त्या भत्त्यावरच येतात, त्यामुळे या लिफाफ्याची काळजी त्यांनाही असते.

तू हॉस्पिटलात फिजिओथेरपीला आहेस. रोज असल्या मोडक्या माणसांना उभं करतेस. या वेळी काय लिहू ते जरा सांग. आमची अक्कल संपली.

दादा

११ फेब्रुवारी

दादा,

वैतागू नकोस. सांगते तसं कर.

चांगल्या दिवसाचं लिहू नकोस. तुला वाटतं, रडगाणं कशाला गायचं. पण ते लोक तू लिहिलेल्या चांगल्या दिवसावरून वर्ष मोजतात. आठवड्यातले किती दिवस कुबड्यांवर बाथरूमपर्यंत जाता येत नाही, ते आकड्यात लिही. "त्रास होतो" असं लिहू नकोस. काय होतं, किती वेळ होतं, नंतर किती वेळ पडून राहावं लागतं, हे लिही.

तपासणीला जाताना तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालू नकोस. मला माहीत आहे, तू घालणार. "नीटनेटका" असं टिपतात. तपासनीस दारातच विचारेल, "कसे आहात?" तेव्हा "बरं आहे" म्हणायचं नाही. ती विचारपूस नसते, तपासणी तिथूनच सुरू झालेली असते. हात नसलेली खुर्ची देतील आणि उठताना कशाला धरतोस ते बघतील. वहिनींना आत बरोबर ने आणि त्यांना बोलू दे.

इकडे काम फार आहे. दिवसाला सहा माणसं, एकेकाला चाळीस मिनिटं. संध्याकाळी पायात बूट आहेत की नाही तेही कळत नाही. मावशी असती तर म्हणाली असती, बसून खायच्या वयात उभ्यानं कसली नोकरी करतेस.

फॉर्म पाठवण्याआधी त्याची एक प्रत काढून ठेव. विसरू नकोस.

बारकी

९ मार्च

बारके,

तपासणी झाली. आधी गंमत सांगतो.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. खाली आम्ही नऊ-दहा जण, कुणी कुबड्यांवर, कुणी चाकाच्या खुर्चीत, एक आजोबा नाकात नळी घालून. आणि लिफ्ट बंद! दारावरचा रखवालदार म्हणाला, "जिन्यानं जा. वेळेत वर पोहोचला नाहीत तर गैरहजर लागेल." एक बाई बसून एकेक पायरी चढायला लागल्या होत्या. आजोबांनी जिन्याकडे बघितलं आणि खालीच मान घातली.

मी खुर्चीत बसून ऐकत होतो. दार बंद व्हायचं, परत उघडायचं, परत बंद व्हायचं. अगं, सव्वीस वर्षं मी तोच आवाज ऐकला आहे. लिफ्टला काहीही झालेलं नव्हतं, दार पुरतं मिटत नव्हतं इतकंच. रखवालदाराला म्हटलं, "खाली दाराच्या खोबणीत काहीतरी अडकलंय, किल्लीनं खरवडा." तो म्हणे, "माझं काम नाही ते." मी म्हटलं, "मग किल्ली मला द्या आणि मला खाली ठेवा, आणि नंतर उचलायचं कामही तुमचंच." तेव्हा वाकला. पेनाचं टोपण निघालं! दार मिटलं, लिफ्ट सुरू. आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला "मिस्त्री" म्हणून हाक मारली.

असा फुलून मी आत गेलो. तपासनीस तरुण, टाय घातलेला, बोलायला गोड. म्हणाला, "कसे आहात?" आणि तोंडातून निघून गेलं, "एकदम बरं!" वर लिफ्टची गोष्टही सांगितली, रंगवून. तुझ्या वहिनीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण दिला डाव्या पायावर. मला कळलंच नाही.

पांढराच शर्ट घातला होता. आता बोल.

दादा

१५ मार्च

दादा,

पत्र वाचून आधी हसले आणि मग परत एकदा वाचलं.

आता झालं ते झालं. निकाल आला की त्याच दिवशी मला कळव. लिफाफा फेकू नकोस, त्यावरचा शिक्का लागतो. आणि लिफ्टची गोष्ट आणखी कुणाला सांगू नकोस.

मिस्त्री होतासच. आजही आहेस.

बारकी

२० एप्रिल

बारके,

निकाल आला. भत्ता बंद.

कारण जसंच्या तसं उतरवून देतो. "अर्जदार नीटनेटक्या पोशाखात, प्रसन्नचित्त आढळला. तपासणीच्या दिवशी अर्जदाराने इमारतीतील नादुरुस्त लिफ्ट दुरुस्त केली. यावरून अर्जदाराची काम करण्याची क्षमता बऱ्याच अंशी पुनःस्थापित झाल्याचे दिसते." पुनःस्थापित म्हणजे काय ते वहिनीनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, परत जागेवर बसवलेला. ती म्हणाली, "मग उठून दाखवा की." आणि आम्ही दोघं हसलो. हसू कसलं आलं, कुणास ठाऊक.

मदतनीस बाई सोमवारपासून बंद झाल्या. जाताना रडल्या, मग मलाच त्यांची समजूत घालावी लागली. वहिनीनं लाँड्रीतली सकाळची पाळी बदलून दुपारची घेतली, म्हणजे सकाळी मला उरकून तिला जाता येतं. दिवसभर कढत इस्त्रीच्या मशीनपाशी उभं राहायचं आणि त्याआधी घरी मला उचलायचं. तिची कंबर बोलायला लागली आहे. ती काही सांगत नाही, पण वाकली की श्वास धरते ते मला ऐकू येतं.

परवा तिला मदत म्हणून मी एकटाच बाथरूमला गेलो. जरासा पाय घसरला. विशेष काही नाही.

अपील करता येतं म्हणे. पण परत अठ्ठावीस पानं? खरं सांगू, मला झोप येते. दिवसभर नुसती झोप येते.

दादा

२५ एप्रिल

दादा,

झोप नंतर. आधी हे.

निकालाच्या तारखेपासून तीस दिवसांत अपील गेलं पाहिजे. अठ्ठावीस पानं नसतात, दोनच असतात. त्यात रडायचं नाही, भांडायचंही नाही. इतकंच लिही: लिफ्ट मी हातानं दुरुस्त केली नाही, खुर्चीत बसून दुसऱ्याला सांगितलं. साक्षीला तो रखवालदार आहे. आणि माझ्या पाठीच्या जुन्या फोटोत आणि नव्या फोटोत काय फरक पडला, ते तपासनिसानं कुठेही लिहिलेलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधीच्या तिन्ही तपासण्यांच्या अहवालाचं सातवं पान माग. पुढची तपासणी किती वर्षांनी घ्यायची हे तपासनिसाला त्या पानावर लिहावं लागतं, आणि त्याखाली "कारण" म्हणून एक रकाना आहे. तो रकाना कुणीही भरत नाही. तुझ्या तिन्ही पानांवर तो कोराच असणार. तुला दर वर्षा-दोन वर्षांनी बोलवायला काही कारणच नव्हतं, हे त्यावरूनच सिद्ध होईल.

"जरासा पाय घसरला" म्हणजे काय? नीट लिही.

बारकी

२ मे

बारके,

वहिनी रजा काढून ऑफिसात गेली आणि सातवं पान मागितलं. खिडकीतल्या कारकुनानं चष्मा काढला. म्हणाला, "अर्जदाराला पाचच पानं देतात. पुढची आतल्या लोकांसाठी असतात. सातवं पान असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

घरी येऊन तिनं तोच प्रश्न मला विचारला.

मी तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली. "नीटनेटका असं टिपतात." हात नसलेली खुर्ची. दिवसाला सहा माणसं, एकेकाला चाळीस मिनिटं. हॉस्पिटलात असं माणूस मोजून देतात का गं?

तुला कसं माहीत?

दादा

७ मे

दादा,

तीन वर्षांपूर्वी आमच्या हॉस्पिटलातला विभाग बंद झाला. आम्ही चौदा जण होतो. दोघांना दुसरीकडे जागा मिळाली, त्यात मी नव्हते. तपासणी केंद्राची जाहिरात होती, फिजिओथेरपिस्ट हवेत. मी गेले. तुला सांगायचं म्हणून त्या आठवड्यात पत्र लिहायला बसले, आणि त्याच दिवशी तुझं पत्र आलं, दुसऱ्या तपासणीचं. तुला खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला लावली होती आणि घरी येऊन तू तीन दिवस झोपून होतास. मी माझं पत्र फाडलं. मग सांगायची वेळ दर वेळी निघूनच गेली.

सातव्या पानावर तीन चौकोन असतात. एक वर्ष, दोन वर्षं, कायम. पहिल्या दोनला नुसती खूण चालते, खालच्या कारणाच्या रकान्याकडे कुणी बघतही नाही. "कायम"ला मात्र वेगळा अर्ध्या पानाचा खुलासा लिहायचा आणि त्यावर साहेबांची सही घ्यायची. साहेब तो परत पाठवतात, "अधिक स्पष्ट करा". स्पष्ट करायला चाळिसातली मिनिटं उरत नाहीत. महिन्यात दोनपेक्षा जास्त "कायम" गेले तर आत बोलावतात. ओरडत नाहीत. नुसतं विचारतात, "सध्या घरी काही अडचण आहे का?" सुरुवातीला मी लिहायची. नंतर "दोन वर्षं" करायला लागले. आता कधी कधी पेन आपोआप "एक"वर जातं आणि मग मी पुढच्या माणसाचं नाव पुकारते.

एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. बोटं वाकडी झालीत, सगळीच. ती सरळ होणार नाहीत, हे मला त्या दारातून आत येतानाच दिसतं. तीन वर्षांत तीनदा माझ्याच टेबलाशी आल्या. गेल्या खेपेला म्हणाल्या, "बाई, मागच्या वेळी तुम्हीच होता ना? मग तुम्हाला आठवत नाही का?" मी म्हटलं, "मागचं वाचायची आम्हाला परवानगी नाही." खरंच नाही. पण त्यांनी वाचण्याबद्दल विचारलंच नव्हतं.

दादा, तुझ्या पत्रांना मी जी उत्तरं लिहिली, त्यातलं वाईट वाटणं खोटं नव्हतं. एवढंच सांगू शकते.

अपील पाठव. माझ्यावरच्या रागापायी ते थांबवू नकोस.

बारकी

२८ मे

दादा,

तीन आठवडे झाले. अपील गेलं का? मुदत सोळा तारखेला संपली. मला नको लिहूस, पण वहिनींना दोन ओळी लिहायला सांग.

बारकी

६ जून

वन्सं,

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर समजून घ्या.

अपील गेलं, पंधरा तारखेला. मी स्वतः नेऊन दिलं आणि पावती घेतली.

ह्यांनी तुमचं पत्र वाचलं आणि माझ्या हातात दिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी हिला माझ्या संडासापर्यंतचं सगळं लिहून कळवत होतो, आणि ही तिकडे कुणाच्या तरी संडासाचं टिपून घेत होती." मग म्हणाले, "माझ्या आईनं हिला आठ वर्षांची असताना घरात आणली, माझ्या ताटात जेवली." मला तुमचा राग आला नाही असं नाही. पण मी लाँड्रीत काम करते. लोकांच्या चादरींवर काय काय असतं ते बघून मी कधी काम सोडलं नाही. पोटाला लागतं ते माणूस करतो.

आता ह्यांनी लपवलेलं सांगते. जरासा पाय घसरला नव्हता. बाथरूमच्या फरशीवर चार तास पडून होते, मी कामावरून येईपर्यंत. नळ पायावर चालू राहिलेला. पाय भाजला तरी ह्यांना कळलं नाही, पाणी कढत होतं. मनगटही मुरगळलं आहे, म्हणून गेल्या दोन पत्रांतलं अक्षर तसं. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कागद दिला आहे, तो मी अपिलाला जोडला.

सुनावणी १४ जुलैला, सकाळी अकराला. ह्यांच्यानं तिथे मांडणी होणार नाही, हे आपलं हसून लिफ्टचीच गोष्ट सांगतील. मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की अडखळायला होतं. तुम्ही या असं मी म्हणत नाही. तुमची नोकरी जाईल, ते मला कळतं. फक्त तारीख कळवली.

वहिनी

२० जून

वहिनी,

कढत पाण्याचं वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

मी येत नाही. नोकरीसाठी नाही. दादासमोर एका खोलीत बसायचा धीर होत नाही, हे खरं कारण आहे आणि ते मी तुम्हालाच सांगू शकते.

सोबत चार पानं जोडली आहेत. सातवं पान काय असतं, त्यावर किती चौकोन असतात, "कायम" लिहिलं की पुढे काय होतं आणि एखाद्याला पुन्हा कधी बोलवायचं हे आम्ही प्रत्यक्षात कसं ठरवतो, सगळं त्यात लिहिलं आहे. कोरं सातवं पानही जोडलं आहे. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही आहे. मी अर्जदाराची मावसबहीण आहे हेही लिहिलंय, नंतर कुणी काढायला नको. हे सुनावणीआधी दहा दिवस तरी ऑफिसात द्या आणि पावती घ्या. मग सुनावणीवाले ती तिन्ही जुनी पानं मागवतील. मागवावीच लागतील.

दादाला वाचायला द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बारकी

१७ जुलै

बारके,

मनगट बरं झालं, म्हणून मीच लिहितो.

मला तुझी चार पानं वहिनीनं दाखवली नव्हती. टेबलापलीकडे तिघं बसले होते, मधोमध एक वयस्क बाई. त्यांनी सांगितलं, एक निवेदन आलं आहे, ते मी मोठ्यानं वाचते. आणि वाचायला लागल्या. तिसऱ्याच वाक्याला मला कळलं, हे कुणी लिहिलंय. तुझी वाक्यं तशीच तुटकी असतात. पूर्ण वाचायला त्यांना अकरा मिनिटं लागली. समोर ऑफिसचा माणूस बसला होता, तो सबंध वेळ पेनाचं झाकण काढत होता आणि लावत होता.

मग बाईंनी माझी तिन्ही सातवी पानं ओळीनं मांडली. तिन्हींवर खूण, आणि कारणाचा रकाना तिन्हींचा कोरा. त्यांनी ऑफिसच्या माणसाला विचारलं, "यांचा कणा परत जुळेल असं तुमच्यापैकी कुणाला वाटलं होतं का?" तो म्हणाला, "पद्धत अशी आहे." बाई म्हणाल्या, "मी पद्धतीचं विचारलं नाही."

वहिनी बोलली. खरंच! नळाचं सांगितलं. एकदाही अडखळली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं नाही. मग बाईंनी मला विचारलं, "आज कसे आहात?" मी म्हटलं, "बाई, दमलोय." बस, तेवढंच. लिफ्टचं एक अक्षर काढलं नाही.

निकाल टपालानं येईल.

आता तुझं. मी तुला माफ केलं वगैरे लिहिणार नाही, ते नाटकातलं वाटतं. राग आहे. तू तिथे नोकरी करतेस याचा तितका नाही. मी एकटाच रडतोय असं मला तीन वर्षं वाटू दिलंस, त्याचा आहे. तू पण दमली होतीस, तर सांगायचं होतंस. दोघांनी मिळून त्यांना चार शिव्या हासडल्या असत्या.

ते निवेदन ऐकताना मला वाटलं, हिला आता घरी पाठवतील. पाठवलं का?

दादा

५ ऑगस्ट

दादा,

पाठवलं. अगदी घरी नाही. आधी साहेबांनी बोलावलं, आणि या वेळी घरच्या अडचणीचं विचारलं नाही. "विश्वासाचा भंग" असं पत्र दिलं. या महिनाअखेरपर्यंत कागदपत्रांच्या खोलीत बसायचं, माणसं तपासायची नाहीत. नंतर सुट्टी, कायमची. त्यासाठी कुणाला खुलासा लिहावा लागला नाही!

कागदपत्रांच्या खोलीत गैरहजरांची यादी असते. त्यात त्या शिवणाऱ्या बाईंचं नाव दिसलं. जूनमध्ये बोलावलं होतं, आल्या नाहीत, भत्ता बंद. पत्ता उतरवून घेतला आणि शनिवारी गेले. ते नियमात बसत नाही, पण आता माझं कोण काय करणार?

बाई तळमजल्यावर एका खोलीत राहतात. दार नुसतं लोटलेलं होतं, कारण त्यांना कडी लावता येत नाही. मला बघून म्हणाल्या, "तुम्ही त्याच ना?" मी म्हटलं, "हो." विचारलं, तपासणीला का आला नाहीत? त्यांनी हनुवटीनं टोपली दाखवली. आत चार लिफाफे, चारही बंद. वरच्या मजल्यावरची मुलगी येऊन उघडून द्यायची, ती लग्न होऊन गेली. आता बोटांनी फाडता येत नाही. दातानं एक फाडायला गेल्या तर आतला कागद फाटला, म्हणून पुढचे भीतीनं तसेच ठेवले.

मी चारही उघडले. शेवटच्या पत्रात भत्ता बंद झाल्याचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बसलाच आहात तर चहा करा. मला किटली उचलत नाही." मी चहा केला. त्यांना कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. मग अपिलाची दोन पानं मी लिहिली, त्यांनी अंगठा लावला. अंगठाही धड टेकत नव्हता. निघताना म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी सुई ओवून द्यायला या." येते म्हटलं. गेले दोन शनिवार जातेय.

पुढे काय, ठाऊक नाही. एका वृद्धाश्रमात जागा आहे म्हणतात, लोकांना चालवायची. वय विचारलं त्यांनी. सांगितलं.

तुझा निकाल?

बारकी

३० ऑगस्ट

बारके,

निकाल आला. भत्ता परत सुरू, बंद झाला त्या दिवसापासून धरून. तपासणीचा अहवाल "विचारात घेण्याजोगा नाही" असं लिहिलंय. त्या बाईंनी "कायम"ची शिफारस केली होती, तीही लिहिली आहे. पण कायम त्यांच्या हातात नाही. अपिलात जास्तीत जास्त तीन वर्षं देता येतात, तेवढी दिली. पुढची तपासणी तीन वर्षांनी.

वहिनीनं कागद वाचला, घडी केली, परत उघडून वाचला. म्हणाली, "तीन वर्षं तरी कुणाला काही पटवून द्यायचं नाही?" मी म्हटलं, नाही. मग ती तिथेच, पदर न सावरता, माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि बसूनच राहिली. कामावर जायची वेळ झाली तरी उठली नाही. मीही उठवलं नाही. त्या दिवशी ती कामावर गेलीच नाही. आम्ही काही केलं नाही गं. आनंद झाला असंही नाही. हातातलं ओझं खाली ठेवल्यावर हात कसा नुसता हलका हलका वाटतो आणि दुखतो, तसं झालं.

मदतनीस बाई सोमवारी आल्या. माझ्या पायाचा डाग बघून त्यांनी मला खूप बोलून घेतलं.

तुझी नोकरी माझ्यापायी गेली असं मी धरून बसणार नाही, आणि तूही मला तसं कधी ऐकवू नकोस. वृद्धाश्रमातली जागा मिळाली तर घे. शनिवार मात्र सोडू नकोस.

आणि आता ये. काही काम काढून नको, कागद घेऊन नको, नुसती ये. समोर बसायचा धीर नाही म्हणालीस असं वहिनीनं सांगितलं. मग समोर नको, बाजूला बस. मला तरी कुठे जाऊन बसता येणार आहे?

फक्त एक कर. दार वाजलं की आम्ही दोघं अजून दचकतो. शेजारीण विरजण मागायला आली तरी वहिनीचा चेहरा उतरतो. तेव्हा दार वाजवू नकोस. खालूनच मोठ्यानं हाक मार.

दादा